दोन कॅमेरे, एक डोंगर: खोलीचे प्रत्यक्ष आणि त्याचा आधार

एकाच दृश्याची, बाजूबाजूच्या दोन जागांवरून घेतलेली दोन छायाचित्रे म्हणजे स्टिरिओ छायाचित्र. डावे चित्र फक्त डाव्या डोळ्याला आणि उजवे फक्त उजव्या डोळ्याला दिसेल अशी सोय केली की सपाट कागदावर नसलेली खोली डोळ्यांपुढे उभी राहते. चार्ल्स व्हीटस्टन याने हे १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. छायाचित्रणाची कला त्यानंतरच्या वर्षी जाहीर झाली, त्यामुळे त्याचे प्रयोग साध्या रेखाचित्रांवरच झाले होते. त्या रेखाचित्रांनी एक जुना तात्त्विक प्रश्न मोजता येईल अशा रूपात समोर आणला. खोली डाव्या चित्रात नाही, उजव्या चित्रात नाही. तरी ती दिसते. मग हे दिसणे ज्ञान मानायचे की भ्रम? दोन कॅमेऱ्यांमधले अंतर माणसाच्या डोळ्यांमधल्या अंतराहून पुष्कळ वाढवले की प्रश्न आणखी धारदार होतो, कारण तेव्हा दिसणारी खोली कोणाही माणसाला उघड्या डोळ्यांनी कधीच दिसलेली नसते.

एक जागा उदाहरणाला घेऊ. रोहा तालुक्यातले खांब हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान आहे. सुरगडाला जाणारी वाट इथूनच फुटते. पाऊस सरल्यावर, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असताना, भाताच्या खाचरांपलीकडे गडाचा अरुंद, लांबट माथा आणि त्यामागच्या डोंगररांगा स्पष्ट दिसतात. अमुक सोंड पुढे आणि अमुक कडा मागे, हे पाहणाऱ्याला कळते खरे. पण ते डोळ्यांच्या जोडीमुळे कळत नाही. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे ६५ मिलिमीटर अंतर असते. ३ किलोमीटरवरची सोंड आणि साडेतीन किलोमीटरवरचा कडा यांच्याकडे पाहताना दोन डोळ्यांच्या कोनांत पडणारा फरक एका सेकंद-कोनाहूनही कमी भरतो, आणि एक सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. उत्तम नजरेच्या माणसालाही काही सेकंदांखालचा फरक जाणवत नाही. म्हणजे त्या अंतरावर दोन डोळे असणे आणि एक असणे सारखेच. पुढच्या झाडीने मागचा कडा झाकला आहे, मागची रांग निळसर झाली आहे, ऊन-सावली अशी पडली आहे, या खुणांवरून मन अंतर ताडते. न्यायशास्त्राच्या भाषेत हे अनुमानाच्या जवळचे आहे. दोन कॅमेरे २ मीटर अंतरावर ठेवले की मात्र तोच फरक सुमारे तीसपट होतो, वीस सेकंदांच्या घरात जातो, आणि ताडलेली खोली दिसू लागते.

दोन कॅमेरे असे अंतरावर धरून ठेवणारा सांगाडा घरी बनवता येतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणारा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप त्याला पुरतो. सपाट पट्टी घेऊ नये: ती पिळली जाते, आणि पीळ पडला की एक कॅमेरा किंचित वर आणि दुसरा किंचित खाली पाहू लागतो. चौकोनी पाइप पिळाला सहसा दाद देत नाही. दोन्ही टोकांना भोके पाडून पाव इंची स्क्रूने कॅमेरे बसवायचे. कॅमेरे एकाच मॉडेलचे हवेत. झूम असेल तर ती एका टोकाला नेऊन ठेवायची, कारण मधली कुठलीही जागा दोन भिंगांवर तंतोतंत जुळत नाही. फोकस आणि एक्स्पोजर हाताने पक्के करायचे. दांडा मधोमध एकाच ट्रायपॉडवर ठेवला तर दोन्ही टोके आपल्या वजनाने झुकतात, दोन्ही चित्रे एकमेकांच्या उलट दिशांना कलंडतात आणि वाऱ्यात दांडा डोलतो तो वेगळाच. दोन्ही टोकांखाली आधार देणे किंवा दांडा सरळ एखाद्या गडग्यावर टेकवणे अधिक बरे. समोर काय येऊ द्यायचे याचाही नियम आहे. सर्वांत जवळची वस्तू कॅमेऱ्यांमधल्या अंतराच्या तीसपट तरी दूर असावी, हा छायाचित्रकारांचा अनुभवाचा हिशेब आहे. २ मीटरच्या सांगाड्यासमोर ६० मीटरच्या आत बांध किंवा माड आला की दोन्ही चित्रांत तो इतक्या वेगळ्या जागी पडतो की नजरेत एकवटत नाही, दुहेरी दिसतो. दोन प्रतिमा काही मर्यादेपर्यंतच एकवटतात, हे डॅनिश शास्त्रज्ञ पानुम याने १८५८ मध्ये दाखवून दिले होते.

दोन्ही कॅमेरे एकाच क्षणी उघडणे ही खरी कठीण बाब आहे. रिमोटच्या दोन वायरी एकाच बटणाला जोडल्या तरी दोन यंत्रांत थोडी उशीर-घाई राहतेच. डोंगर जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. पण खांबच्या शिवारातून घेतलेल्या चित्रात महामार्ग आला तर बिघडते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने आडवा जाणारा ट्रक सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ४० सेंटिमीटर सरकतो. त्या ट्रकापुरते दोन कॅमेऱ्यांमधले अंतर २ मीटरऐवजी २.४ किंवा १.६ मीटर झाल्यासारखे होते. ३०० मीटरवरचा ट्रक, तो कुठल्या दिशेने चालला आहे त्यानुसार, २५० मीटरवर किंवा ३७५ मीटरवर दिसतो: रस्त्यापासून सुटून हवेत, नाहीतर रस्त्यापलीकडच्या शेतात शिरलेला. ही खोली निःसंशय खोटी आहे. चित्र पाहणाऱ्यालाही ते खोटेपण जाणवते, कारण रस्त्याची खोली ट्रकाच्या खोलीचा बाध करते. गडाची वाढवलेली खोली आणि ट्रकाची चुकलेली खोली एकाच चित्रात शेजारी-शेजारी असतात, आणि पहिलीला भ्रम म्हणायचे की नाही याचा निवाडा दुसरीशी तुलना करूनच करावा लागतो.

कॅमेरे समांतर बसले की नाहीत हे पाहण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय चंद्र हा आहे. तो पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर असल्यामुळे २ मीटरच्या सरकण्याने त्याच्या दिशेत फरक पडत नाही. दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली आणि चंद्र दोन दिसले, तर दोष कॅमेऱ्यांच्या बसवणीत आहे. स्क्रू सैल करून, कागदाच्या घड्या खाली सारून, चंद्र एक होईपर्यंत ती जुळवायची. भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला इथे शंकराचार्य आठवल्यावाचून राहत नाहीत. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी अध्यास, म्हणजे एकावर दुसऱ्याचा आरोप, समजावताना त्यांनी दोन लौकिक दाखले घेतले: शिंपल्यावर भासणारी चांदी, आणि एक असून दोन असल्यासारखा भासणारा चंद्र. बौद्ध तार्किकांनीही इंद्रियदोषाचे उदाहरण म्हणून हाच दुहेरी चंद्र घेतला आहे. सगळ्यांचे एकमत असे की जे एक आहे ते दोन दिसणे हा भ्रम. पण जे दोन आहे ते एक दिसणे, याला काय म्हणावे? स्टिरिओ छायाचित्रात चित्रे खरोखरच दोन असतात आणि डोंगर एक दिसतो. वरवर पाहता हा अध्यासच उलटा फिरवलेला आहे. तसा तो नाही, कारण चित्रे दोन असली तरी ज्याची ती चित्रे आहेत तो डोंगर एकच आहे. दोनांतून एक पाहणारी नजर इथे वस्तूकडे परत जाते. दुहेरी चंद्र पाहणारी नजर वस्तूपासून दूर जाते. दोघींत मनाचा व्यापार सारखाच असेल, पण ज्ञानाचा खरेखोटेपणा व्यापारावर ठरत नाही, विषयावर ठरतो.

अंतर मुळात डोळ्याला दिसते का, यावर पश्चिमेत आणि भारतात वेगवेगळी उत्तरे दिली गेली. आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली याने १७०९ मधल्या दृष्टिविषयक ग्रंथात म्हटले की अंतर डोळ्याला दिसत नाही. ते स्पर्शाने आणि चालण्याने कळते, आणि अनुभवाच्या सवयीने डोळ्याच्या खुणांशी जोडले जाते. वैशेषिकांचे मत निराळे. प्रशस्तपादाने दिलेल्या चोवीस गुणांत परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांबपण आणि जवळपण, हे स्वतंत्र गुण आहेत आणि ते डोळा व त्वचा या दोन्ही इंद्रियांना प्रत्यक्ष आहेत. मात्र हे गुण रंगासारखे वस्तूत कायमचे बसलेले नाहीत. पाहणाऱ्यापासून एकाच दिशेला दोन वस्तू असतात, पाहणाऱ्याच्या जागेपासून त्यांच्यापर्यंतची मोजणी कमीअधिक भरते, आणि 'ही हिच्याहून लांब' अशी अपेक्षाबुद्धी झाली की परत्व उपजते. ती बुद्धी सरली की गुणही सरतो, वस्तू राहते. डोंगराला आपल्यापुरते लांबपण नाही, पण पाहणाऱ्याच्या संदर्भात ते खरोखरच आहे आणि खरोखरच दिसते. स्टिरिओ चित्राचा अनुभव या मताला बर्कलीच्या मतापेक्षा अधिक मानवतो. पायाने वा हाताने कधीच न गाठलेली, सवयीच्या आवाक्याबाहेरची खोली रुंद सांगाड्याच्या चित्रात पहिल्या नजरेलाच दिसते. सवय तिथे पोचलेलीच नाही, तर ती खूण कशी शिकवणार?

१९६० मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या बेला युलेश याने याला आणखी पक्का पुरावा दिला. त्याने यंत्राकडून ठिपक्यांची दोन चित्रे काढून घेतली. एकेक चित्र पाहिले तर नुसता विस्कळीत ठिपक्यांचा सडा. आकार नाही, कडा नाही, ओळखीची एकही वस्तू नाही. दोन्ही चित्रे दोन डोळ्यांनी एकत्र पाहिली की मधला चौकोन कागदातून सुटून पुढे येतो. वस्तू ओळखून मग अंतर ताडणे हा क्रम इथे लागू होत नाही, कारण ओळखण्यासारखे आधी काही नसतेच.

रुंद सांगाड्याच्या चित्राविरुद्धचा खरा आक्षेप वेगळा आहे. २ मीटरच्या अंतराने घेतलेल्या चित्रात सुरगड ३ किलोमीटरवर असल्यासारखा दिसत नाही. शंभरेक मीटरवर ठेवलेल्या, दिवाळीतल्या किल्ल्यासारख्या प्रतिकृतीगत दिसतो. पाहणाराच महाकाय झाल्यासारखे वाटते. मग हे चित्र खोटे का म्हणू नये? कारण त्यातला मागे-पुढेचा क्रम आणि प्रमाण अबाधित असते. सोंड पुढे, कडा मागे, दोहोंतली दरी तेवढ्याच वाट्याने खोल. बदललेले आहे ते माप, आणि त्याचे कारण ठाऊक आहे: दोन कॅमेऱ्यांमधले अंतर. वेदान्ताच्या भाषेत ही उपाधी आहे. उपाधी माहीत नसताना जे फसवते, तेच ती माहीत असताना मोजायला उपयोगी पडते. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे होते: एक २६ अंश पुढे आणि दुसरा ५ अंश मागे पाहणारा. सुमारे ६१८ किलोमीटर उंचीवरून तोच भूभाग दोन्ही कॅमेऱ्यांत सुमारे ५२ सेकंदांच्या अंतराने येई. तेवढ्यात उपग्रह साडेतीनशे किलोमीटरहून अधिक पुढे गेलेला असे. म्हणजे हाही रुंद अंतराचा सांगाडाच, फक्त त्याचा दांडा आकाशात आणि काळात पसरलेला. कोणत्याही डोळ्याला न दिसणाऱ्या त्या खोलीतून देशातल्या डोंगरांची उंची काढली गेली, नकाशे झाले. ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी त्यावर विसंबून केलेली कृती सफळ होण्यात असते असे नैयायिक मानतात, आणि त्या कसोटीला हे चित्र उतरते. ट्रकाची खोली उतरत नाही.

माणसाच्या डोळ्यांमधले ६५ मिलिमीटर हेच काय ते खरे माप आणि बाकी सारे कृत्रिम, असे धरण्याला आधार नाही. तेही एक अंतरच आहे. लहान मुलाचे त्याहून कमी असते आणि हत्तीचे कितीतरी जास्त. जे सापेक्ष ते मिथ्या, ही उडी अद्वैताच्या नावाने पुष्कळदा मारली जाते. परमार्थाच्या पातळीवरचा निर्णय व्यवहाराच्या पातळीवर असा लावणे शंकराचार्यांनाही मान्य झाले नसते; बाध होईपर्यंत व्यवहारातल्या प्रमाणांचे प्रामाण्य त्यांनी कायम ठेवले आहे.

दोन चित्रे एकत्र करतो कोण, हा यापुढचा प्रश्न. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याच्या सिद्धीसाठी नेमका दोन डोळ्यांचाच आधार घेतला आहे. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजव्या डोळ्याने ओळखता येते. एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवणार नाही. म्हणून दोन्ही डोळ्यांहून वेगळा असा एक पाहणारा मानला पाहिजे. लगेच शंका घेतली आहे की डोळा एकच असून नाकाच्या हाडामुळे तो दोन भासतो. त्यावर उत्तर असे की एक गेला तरी दुसरा राहतो, म्हणून ते एक नव्हेत. भाष्यकार वात्स्यायनाने हा युक्तिवाद दोन डोळे मानूनच मांडला. वार्तिककार उद्द्योतकराला तो पटला नाही. त्याच्या मते चक्षू हे इंद्रिय एकच, त्याची ठाणी दोन. आत्म्याच्या सिद्धीला हा आधार नको, पुढचा पुरे: आंबट फळ नुसते पाहिले तरी तोंडाला पाणी सुटते, म्हणजे डोळा आणि जीभ या दोन वेगळ्या इंद्रियांना जोडणारा कोणी तिसरा आहे.

या वादात उद्द्योतकराची बाजू सांगाड्याने बळकट होते. डोंगर स्थिर असेल तर दोन कॅमेऱ्यांची गरजच नाही. एकच कॅमेरा आधी इथे आणि मग ३० मीटर बाजूला नेऊन दोन चित्रे घेतली तरी खोली दिसतेच. डोळे किती हे महत्त्वाचे नाही, जागा किती हे महत्त्वाचे. ओळखीवर, म्हणजे प्रत्यभिज्ञेवर, उभारलेला युक्तिवादही इथे तोकडा पडतो, कारण युलेशच्या ठिपक्यांत ओळखायला काही नसताना एकीकरण होते. उरतो तो एकीकरणाचा प्रश्न. त्याचेही उत्तर आत्मा हेच आहे असे म्हणता येत नाही. दोन छायाचित्रांतले ठिपके जुळवून अंतरे काढण्याचे काम आज साधे संगणकही करतात, आणि त्यांच्यात द्रष्टा आहे असे कोणी म्हणत नाही. कर्त्यावाचून क्रिया होऊ शकते, हे बौद्धांचे म्हणणे एवढ्यापुरते मान्य करावे लागते. पण संगणकाला अंतराचा आकडा मिळतो, खोली दिसत नाही. आकडा आणि दिसणे यांतला हा फरक दोन चित्रे जुळवण्याच्या कोणत्याही वर्णनात भरून निघत नाही. आत्मवाद्याचे काही बळ उरले असेल तर ते इथे आहे. दोन डोळ्यांच्या युक्तिवादात नाही.

मराठीत या दाखल्याला एक वेगळे स्थान आहे. अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांचे ऐक्य सांगताना ज्ञानेश्वरांनी दृष्टान्तांची जी माळ ओवली, तिच्यात दोन डोळ्यांची एकच दृष्टी हाही एक मणी आहे. न्यायसूत्रे दोन डोळ्यांपलीकडचा तिसरा शोधतात. ज्ञानेश्वर तिसऱ्याकडे जात नाहीत. दोन्ही डोळे असतात आणि दृष्टी एक असते, एवढ्यावरच त्यांना थांबायचे आहे. हा पुरावा नव्हे, दृष्टान्त आहे, आणि दृष्टान्त म्हणून तो स्टिरिओ छायाचित्राला आश्चर्यकारक रीतीने लागू पडतो. दोन्ही बाजूंना एकच चित्र ठेवले तर सपाट दिसते. चित्रांत फरक फार झाला तर दुहेरी दिसते. भेद टिकून राहावा आणि तरी दृष्टी एक व्हावी, तेव्हाच डोंगर उभा राहतो. मात्र दृष्टान्त याहून पुढे ताणू नये. छायाचित्रात खोली भेदातून निर्माण होते. शिवशक्तीचे ऐक्य भेदातून निर्माण होते असे ज्ञानेश्वर म्हणत नाहीत.

डावे चित्र उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले की खोली उलटते. या उलट्या दर्शनासाठी व्हीटस्टनने १८५२ मध्ये एक उपकरणच तयार केले होते. डोंगराच्या चित्रात सोंडा घळी होतात आणि घळी सोंडा. हवेतून घेतलेली छायाचित्रे वाचणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक असतो. पण माणसाचा चेहरा सहजासहजी उलटत नाही. नाक आत गेलेले पाहायला मन तयार होत नाही. म्हणजे दोन नजरांतून मिळणारी खोली आणि ओळखीतून येणारी खोली या वेगळ्या आहेत, आणि त्यांची झटापट झाली तर दरवेळी तीच बाजू जिंकेल असे नाही. नैयायिकांची अन्यथाख्याती इथे नेमकी बसते: घळ आणि सोंड दोन्ही खऱ्याच, फक्त एकीचे रूप दुसरीच्या जागी दिसते. अद्वैती म्हणतात तसे अनिर्वचनीय, म्हणजे खरेही नाही आणि खोटेही नाही असे, काही नवे उपजले असे मानण्याची इथे गरज पडत नाही.

काही माणसांना दोन डोळ्यांच्या प्रतिमा एकत्र करताच येत नाहीत. लहानपणापासूनचा तिरळेपणा हे त्याचे एक कारण. त्यांच्यासाठी सांगाड्याचे चित्र सपाटच राहते. त्यांना खोलीचे ज्ञान मिळत नाही असे मात्र नाही. दोन चित्रांत एकच झाड किती सरकले हे मोजून अंतर काढता येते. चार हजार बिंदू रुंदीचे आणि ६० अंश पाहणारे चित्र असेल तर २ मीटर अंतराने ३ किलोमीटरवरचे झाड जेमतेम दोन-अडीच बिंदू सरकते. अर्ध्या बिंदूची चूक झाली तरी अंतर पाचव्या हिश्शाने चुकते. दोन जागा ३० मीटर अंतरावर घेतल्या तर झाड पस्तीसेक बिंदू सरकते आणि चूक दीड टक्क्याच्या आत येते. तेच अंतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनही पडताळता येते. एकाच विषयाकडे अनेक प्रमाणांनी जाता येते, याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणतात. बौद्ध तार्किक दिङ्नागाच्या परंपरेला हे मान्य नव्हते. तिच्या मते प्रत्यक्षाचा विषय वेगळा आणि अनुमानाचा वेगळा. सुरगडाच्या कड्याचे अंतर चित्रात दिसते, बिंदू मोजून अनुमानाने निघते आणि नकाशाच्या शब्दप्रमाणाने कळते, आणि तिन्ही एकमेकांशी जुळतात. वात्स्यायनाने या बाबतीत अग्नीचे उदाहरण दिले आहे: आधी कोणी सांगितले म्हणून कळला, मग धुरावरून कळला, मग जवळ जाऊन पाहिला. पाहिल्यावर जाणण्याची इच्छा शमते, असे तो सांगतो. त्यामुळे अंतराचे आकडे आधीच हाती असलेला माणूसही दोन मीटरचा दांडा घेऊन शिवारात का जातो, याचे उत्तर भाष्यात पंधराशे वर्षांपूर्वीच येऊन गेले आहे.